सिस्ट असलेली मेंदूची गाठ स्कॅनवर वेगळीच का दिसते?

प्रश्न असा आहे: सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘पाण्याने भरलेली गाठ’ असे लिहिले होते. चार दिवसांनी काढलेल्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये मात्र ‘असामान्य दिसणारा सिस्टिक ट्यूमर, पू किंवा टीबीची गाठ नाकारता येत नाही’ असे आले. गाठ एकच, मग दोन यंत्रे दोन गोष्टी का सांगतात? आणि ‘असामान्य’ म्हणजे वाईट का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण घरचे लोक तिथेच अडकतात. रिपोर्टमधल्या ‘असामान्य’ या शब्दावरून गाठ कर्करोगाची आहे की नाही हे ठरत नाही. नेहमीच्या ठरावीक चित्रात ती बसली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मुलांच्या लहान मेंदूत होणारी पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा ही पहिल्या, म्हणजे सर्वांत सौम्य ग्रेडची गाठ; पण कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून दिलेले उजळवणारे औषध, दिल्यावर तिचा घट्ट भाग भडक उजळतो आणि पाहणारा घाबरतो. उलट चौथ्या ग्रेडची ग्लिओब्लास्टोमा कधीकधी पातळ, गुळगुळीत भिंतीची सिस्ट बनून समोर येते.

आता मूळ प्रश्न. सीटी मोजतो ते क्ष-किरण किती अडले हे. एमआरआय मोजतो ते हायड्रोजनच्या केंद्रकांचे, बहुतांशी पाण्यातल्या, चुंबकीय वागणे. सिस्ट म्हटल्याने आत द्रव आहे एवढेच समजते. तो द्रव कसला, तो आला कुठून आणि भोवतीची भिंत कशाची, या तीन गोष्टींवर बाकी सगळे ठरते, आणि प्रत्येक तंत्र यातले वेगवेगळे काही दाखवते.

सीटीचे गणित सोपे आहे. क्ष-किरण किती अडले ते हाउन्सफील्ड युनिटमध्ये सांगतात: शुद्ध पाणी शून्य, मेंदूभोवतीचे पाणी ० ते १५, मेंदूची ऊती साधारण ३० ते ४०, गोठलेले ताजे रक्त ६० ते ८०, कॅल्शियम १०० च्या वर आणि चरबी उणे ४० ते उणे १००. लंडनमधल्या विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्यांदा रुग्णाच्या डोक्याचा सीटी काढला गेला, तेव्हा दिसली तीही कपाळामागच्या भागातली सिस्ट असलेली गाठच होती. आतला द्रव पाण्यासारखा पातळ असला की ती गडद काळी दिसते आणि सहज सापडते. पण द्रवात प्रथिने वाढली की आकडा २५-३० वर जातो, मेंदूच्या ऊतीशी मिळताजुळता होतो, आणि तीच सिस्ट घट्ट गाठ वाटू लागते किंवा डोळ्यांतून सुटतेही.

एमआरआयवर प्रथिनांचा परिणाम याहून गुंतागुंतीचा आहे आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. टी१ आणि टी२ ही एमआरआयची दोन मूलभूत प्रकारची चित्रे; पातळ पाणी टी१ चित्रात काळे आणि टी२ चित्रात पांढरे दिसते. प्रथिनांचे मोठे रेणू पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात, त्यामुळे आधी टी१ काळ, म्हणजे केंद्रके पूर्वस्थितीत यायला लागणारा वेळ, कमी होतो आणि द्रव टी१ वर पांढरा होत जातो. प्रथिने आणखी वाढली की टी२ काळही, म्हणजे संकेत विझायला लागणारा वेळ, घसरतो आणि टी२ वरचा पांढरेपणा जातो. द्रव घट्ट लगद्यासारखा झाला की दोन्ही चित्रांत काळा. म्हणजे एकाच जातीच्या सिस्टचे, केवळ आतल्या द्रवाच्या दाटपणामुळे, तीन-चार चेहरे होऊ शकतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीजवळची राथके क्लेफ्ट ही सौम्य सिस्ट कधी पाण्यासारखी दिसते, तर कधी टी१ वर लख्ख पांढरी. आत टी२ वर काळा दिसणारा आणि कॉन्ट्रास्ट न घेणारा एक गोळा सापडला, तर तो घट्ट झालेल्या स्रावाचा असतो, गाठीचा नव्हे.

यातून येणारी एक चूक फार महाग पडते. कॉन्ट्रास्टनंतरचा टी१ उघडला, सिस्ट पांढरी दिसली आणि ‘गाठ उजळते आहे’ असे लिहून टाकले. ती कॉन्ट्रास्टच्या आधीही तितकीच पांढरी असू शकते. म्हणून आधीचा आणि नंतरचा टी१ त्याच प्रतलात, त्याच जाडीच्या कापांत शेजारी ठेवूनच पाहायचे. सॉफ्टवेअरमध्ये नंतरच्यातून आधीचा वजा करण्याची सोय असते. शंका असेल तिथे ती वापरलीच पाहिजे.

पिट्यूटरीजवळ होणारी क्रॅनिओफॅरिंजिओमा ही गाठ या सगळ्याचे उत्तम उदाहरण. मुलांमध्ये आढळणाऱ्या तिच्या प्रकारात सिस्टमधला द्रव इंजिन ऑइलसारखा, कोलेस्टेरॉलचे स्फटिक तरंगणारा असतो. टी१ वर तो बहुधा पांढरा दिसतो. शिकाऊ डॉक्टर कोलेस्टेरॉलचे नाव घेतात, पण पांढरेपणाचे श्रेय मुख्यतः प्रथिनांना आणि जुन्या रक्तात बदललेल्या हिमोग्लोबिनला (मेथहिमोग्लोबिन) जाते. एकाच गाठीतल्या शेजारच्या दोन कप्प्यांत दोन वेगळे रंग दिसणे इथे नेहमीचे आहे. मुलांच्या या गाठीत कॅल्शियम जवळजवळ नेहमी असते, पण साध्या एमआरआयवर ते चुकते. त्यामुळे पिट्यूटरीच्या वरच्या सिस्टिक गाठीसाठी एमआरआय झाल्यावरही कॉन्ट्रास्टशिवायचा साधा सीटी मागितला, तर तो वायफळ खर्च समजू नये. निदान बरेचदा त्यातल्या कॅल्शियमच्या चार ठिपक्यांवरच पक्के होते.

कॉलॉइड सिस्टचे उलटे. तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या मधल्या कप्प्याच्या) छताशी, कप्प्यांना जोडणाऱ्या मनरोच्या छिद्राजवळ असलेली ही छोटी गोल सिस्ट सीटीवर बहुधा पांढरी ठळक दिसते, पण एमआरआयच्या टी२ आणि फ्लेअर (याबद्दल पुढे) चित्रांवर ती मेंदूच्याच रंगाची होऊन लपू शकते. डोकेदुखीच्या रुग्णाचा एमआरआय ‘नॉर्मल’ आणि सीटीत मध्यभागी पांढरा ठिपका, असे झाले तर सीटीवर विश्वास ठेवून मनरोच्या छिद्रातून पातळ काप पुन्हा पाहावेत. ही सिस्ट पाण्याची वाट अचानक बंद करू शकते. ७ मिलिमीटरच्या वर गेलेल्या सिस्टचा रुग्ण न्यूरोसर्जनने पाहिलाच पाहिजे.

रक्ताबद्दल थोडक्यात. गाठीच्या पोकळीत रक्त उतरले की त्याचा रंग दिवसांगणिक बदलतो: पहिल्या दोन-तीन दिवसांत टी२ वर काळे, मग टी१ वर पांढरे, आठवड्यानंतर दोन्हींवर पांढरे, आणि अखेरीस कडेला लोहाची काळी किनार. रुग्ण यंत्रात उताणा असल्याने जड पेशी खाली बसतात, वरती पातळ द्रव राहतो आणि आडवी पातळी दिसते. ही पातळी दिसली की मूत्रपिंड, थायरॉइड किंवा मेलॅनोमा (त्वचेचा एक कर्करोग) यांतून पसरलेली गाठ असू शकते हे लक्षात घ्यायचे. पण ऐकण्याच्या नसेवरच्या सौम्य श्वॅनोमातही ती सापडते. रक्त आणि कॅल्शियम दोन्ही एसडब्ल्यूआय या चुंबकीय फरक टिपणाऱ्या एमआरआय सिक्वेन्सवर (चित्र काढण्याच्या पद्धतीवर) काळेच दिसतात. त्यांना वेगळे करायला त्याच सिक्वेन्सचे फेज चित्र पाहावे लागते, आणि ते पाठवले गेले नसेल तर मागून घ्यावे.

फ्लेअर हा सिक्वेन्स मेंदूतल्या पाण्याचा संकेत मुद्दाम शून्य करतो. दीड टेस्लाच्या यंत्रावर उलटवण्याचा काळ, म्हणजे केंद्रके उलटवणाऱ्या लहरीपासून संकेत टिपेपर्यंतचा वेळ, साधारण २२०० ते २५०० मिलिसेकंद ठेवतात आणि त्या क्षणी शुद्ध पाणी काळे होते. सिस्टमधला द्रव थोडाही वेगळा असेल तर त्याचा शून्य होण्याचा क्षण चुकतो आणि तो राखाडी किंवा पांढरा राहतो. म्हणून ‘ही खरोखर पाण्याचीच सिस्ट आहे का’ या प्रश्नाला टी२ पेक्षा फ्लेअर जास्त प्रामाणिक उत्तर देतो. पण त्यालाही फसवणारी कारणे आहेत. भूल देऊन केलेल्या स्कॅनमध्ये मुलाला १०० टक्के ऑक्सिजन दिला असेल तर मेंदूभोवतीचे पाणीच फ्लेअरवर उजळते. मेंदूच्या खोडापुढे पाण्याच्या वेगवान हालचालीने खोटा पांढरेपणा येतो. मूत्रपिंड मंद असलेल्या रुग्णाला एक-दोन दिवस आधी गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयचे कॉन्ट्रास्ट, दिले असेल, तर ते पाण्यात झिरपून तसेच दिसते. म्हणून कोणत्या दिवशी कॉन्ट्रास्ट दिले, भूल होती का, हे रिपोर्ट लिहिणाऱ्याला सांगावे.

फ्लेअरची दुसरी बाजू मला फार महत्त्वाची वाटते. काही गाठी सिस्ट नसतानाही सिस्ट वाटतात. टी२ वर एकसारखी पांढरी आणि फ्लेअरवर कडेची पातळ पांढरी किनार सोडून जवळजवळ काळी, असे चित्र मोठ्या माणसाच्या मेंदूत दिसले आणि कॉन्ट्रास्टने काही उजळले नाही, तर ‘साधी सिस्ट’ म्हणून सोडून देऊ नका. हा टी२-फ्लेअर मिसमॅच आहे. आयडीएच जनुकात बदल असलेल्या, पण १पी/१९क्यू हे गुणसूत्रांचे भाग शाबूत असलेल्या ॲस्ट्रोसायटोमाची ती बरीच भरवशाची खूण आहे. तो भाग घट्ट गाठच असतो; त्यात सूक्ष्म पोकळ्या आणि पाणी इतके असते की फ्लेअर फसतो. खूण मान्य करण्यासाठी अटी मात्र कडक ठेवायच्या: टी२ वर जवळजवळ पूर्ण एकसारखेपणा हवा आणि किनार अखंड हवी. मुलांमध्ये आणि डीएनईटी या फिट्स आणणाऱ्या गाठीसारख्या सौम्य गाठींमध्ये मिळतेजुळते चित्र येते, म्हणून वय पाहिल्याशिवाय ही खूण वापरू नये.

पू आणि गाठ यांत फरक करायला डिफ्यूजन हा एमआरआय सिक्वेन्स लागतो. पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात हे तो मोजतो. त्यातून काढलेला एडीसी, म्हणजे रेणूंच्या मोकळेपणाचा आकडा, एक हजारांश चौरस मिलिमीटर प्रति सेकंद या एककात सांगतात. मेंदूभोवतीच्या पाण्यात तो सुमारे ३, निरोगी मेंदूत ०.७ ते ०.९, आणि दाट पुवात बहुधा त्याहूनही कमी. गाठीच्या मेलेल्या भागात रेणू मोकळे असतात, म्हणून तिथे तो जास्त. फक्त डिफ्यूजन चित्र पांढरे दिसले म्हणून पू ठरवायचा नाही. टी२ वर अतिशय पांढरा द्रव तिथेही पांढरा उतरतो. एडीसी नकाशात तोच भाग काळा असेल तरच अडथळा खरा.

अपवाद माहीत नसतील तर इथेच निदान चुकते. आतड्याच्या किंवा फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमातून (ग्रंथींच्या पेशींच्या कर्करोगातून) पसरलेल्या, चिकट स्राव असलेल्या गाठीत एडीसी कमी येऊ शकतो. पोकळीतल्या रक्तामुळेही येतो. उलट आठवडाभर अँटिबायोटिक घेतलेल्या पुवात तो पुन्हा वाढलेला असतो. बुरशीच्या गळवात मधला भाग मोकळा आणि भिंतीतून आत आलेली बोटे मात्र काळी दिसतात. अशा वेळी भिंत बघायची: पुवाच्या गळवाची भिंत गुळगुळीत, टी२ वर काळी आणि बरेचदा व्हेंट्रिकलच्या बाजूला पातळ असते, एसडब्ल्यूआयवर आत पांढरी आणि बाहेर काळी अशा दोन किनारी दिसतात. स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे एमआरआयनेच आतली रसायने ओळखण्याच्या चाचणीत, आलेखाच्या ०.९ पीपीएमला अमिनो आम्ले, १.९ ला ॲसिटेट आणि २.४ ला सक्सिनेट मिळाले तर पुवाच्या बाजूने वजन पडते. नुसत्या १.३ च्या लॅक्टेटवरून काहीच ठरवता येत नाही, तो दोन्हीकडे असतो.

एपिडर्मॉइड ही त्वचेच्या पेशींची सिस्टही डिफ्यूजनवरच पकडली जाते. सीटी आणि टी२ वर ती पाण्यासारखी, फ्लेअरवर मळकट, डिफ्यूजनवर पांढरी, आणि एडीसी मेंदूच्या ऊतीइतका. ॲरॅक्नॉइड सिस्टचा (मेंदूच्या आवरणातल्या साध्या पाण्याच्या सिस्टचा) एडीसी पाण्याइतकाच राहतो. डर्मॉइडमध्ये चरबी असते. ती फुटली की मेंदूच्या बाजूच्या सिल्व्हियन फटीत टी१ वर पांढरे थेंब विखुरलेले दिसतात, सीटीत त्यांचा आकडा उणा येतो, आणि रासायनिक मेनिंजायटिसने (मेंदूच्या आवरणांच्या दाहाने) रुग्ण आजारी पडतो.

आता भिंत आणि गाठोळी. सिस्टच्या एका बाजूला कॉन्ट्रास्टने उजळणारी गाठोळी, हे चित्र पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा, हिमँजिओब्लास्टोमा, गँग्लिओग्लिओमा आणि पीएक्सए (प्लिओमॉर्फिक झँथोॲस्ट्रोसायटोमा) या चार गाठींत येते. वय आणि जागा यांवरून निम्मे काम होते. मूल आणि लहान मेंदू असेल तर पहिली. मोठा माणूस आणि लहान मेंदू असेल तर दुसरी. टेम्पोरल लोब (कानामागचा मेंदूचा भाग), जुनी फिट्सची तक्रार आणि कॅल्शियम असेल तर तिसरी. गाठोळी मेंदूच्या पृष्ठभागाला टेकलेली आणि वरच्या आवरणाला शेपूट असेल तर चौथी.

हिमँजिओब्लास्टोमातली सिस्ट कशी तयार होते हे समजले की शस्त्रक्रियाही समजते. गाठोळीतल्या गळक्या रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मासारखा द्रव झिरपतो. आधी भोवती सूज येते, मग पोकळी होते. पोकळीची भिंत म्हणजे दाबला गेलेला मेंदूच; त्यात गाठीच्या पेशी नसतात आणि ती उजळत नाही. म्हणून सर्जन गाठोळी पूर्ण काढतो आणि न उजळणारी भिंत सोडतो. नुसते पाणी काढले तर सिस्ट पुन्हा भरते. गाठोळी ३-४ मिलिमीटरचीही असू शकते. ५ मिलिमीटरच्या कापांत ती हरवली, तर रिपोर्टमध्ये ‘साधी सिस्ट’ येते आणि चुकीची शस्त्रक्रिया होते. या गाठीच्या साधारण चौघांपैकी एका रुग्णात फॉन हिप्पेल-लिंडाऊ हा आनुवंशिक आजार असतो. म्हणून पूर्ण मणका, डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडे आणि स्वादुपिंड तपासावे लागते. शस्त्रक्रियेच्या आधी ॲड्रिनल ग्रंथीतली, रक्तदाब वाढवणारी फिओक्रोमोसायटोमा ही गाठ नाकारणे अत्यावश्यक आहे, नाहीतर भूल देताना रक्तदाब जीवघेणा उसळू शकतो.

पायलोसायटिकमध्ये भिंत कधी उजळते, कधी नाही. पातळ उजळणारी भिंत केवळ प्रतिक्रियेची असू शकते. जाड आणि गाठाळ उजळत असेल तर तिच्यात गाठ असण्याची शक्यता वाढते. गॅडोलिनियम हळूहळू पोकळीत झिरपते, त्यामुळे २०-३० मिनिटांनी काढलेल्या चित्रात द्रवच उजळलेला दिसतो आणि सिस्ट घट्ट गाठ वाटते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू असेल तर उजळणे कमी होते. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाने तर ते जवळजवळ नाहीसे होऊ शकते, गाठ मात्र तिथेच असते.

भारतात, महाराष्ट्रात तर नक्कीच, टेपवर्म आणि टीबी यांचा विचार केल्याशिवाय सिस्टिक गाठीचा रिपोर्ट पूर्ण होत नाही. न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे मेंदूत टेपवर्मच्या अळ्या बसणे, यातली जिवंत सिस्ट ५ ते २० मिलिमीटरची, पाण्यासारखी, आत एका कडेला ठिपका, म्हणजे अळीचे डोके. अळी मरू लागली की द्रव गढूळ होतो, फ्लेअरवर उजळतो, कॉन्ट्रास्टने गोल कडे (रिंग) उजळते, भोवती सूज येते आणि ती ट्यूमर वाटते. वेल्लोरच्या सीएमसीतून आलेले निकष आजही उपयोगी पडतात: एकच कडे, २० मिलिमीटरपेक्षा लहान, मध्यरेषा न सरकलेली, डोक्यातला दाब वाढल्याची लक्षणे नाहीत आणि अशक्तपणा वाढत जात नाही, तर ती जंताची गाठ मानायला आधार मिळतो. मेंदूच्या तळाशी पाण्यात होणाऱ्या द्राक्षघोसासारख्या प्रकारात ठिपका नसतो आणि उजळणेही नसते. तिथे सीआयएसएस किंवा फिएस्टा हा पातळ कापांचा सिक्वेन्स लागतो. टीबीच्या गाठीचा चीजसारखा मधला भाग टी२ वर काळा असतो आणि स्पेक्ट्रोस्कोपीत १.३ ला चरबीचे उंच शिखर येते. पण तो वितळला की मध्य पांढरा होतो आणि पुवापासून वेगळा काढणे अवघड जाते. मोठी, एकटी, अगदी गोल, सूज आणि उजळणे नसलेली पाण्याची सिस्ट दिसली तर हायडॅटिड (दुसऱ्या एका टेपवर्मची सिस्ट) आठवावी आणि तिच्यात सुई घालू नये. फुटली तर ॲलर्जीचा तीव्र झटका येतो आणि आजार पसरतो.

आता स्कॅन मागताना काय पाहावे. कॉन्ट्रास्टच्या आधीचा टी१, टी२, फ्लेअर, डिफ्यूजन एडीसीसह, एसडब्ल्यूआय फेजसह, आणि शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिमोल गॅडोलिनियम दिल्यानंतर १ मिलिमीटर कापांचा त्रिमितीय टी१. यातला एखादा जरी सिक्वेन्स राहिला असेल तर ‘असामान्य’ हा शब्द गाठीपेक्षा स्कॅनबद्दल जास्त सांगतो. सीटीतही कवटीच्या जाड हाडांमुळे लहान मेंदूवर काळे पट्टे पडतात आणि ते सिस्टचा भास देतात. फिल्म घेऊन फिरू नका. सीडीवर डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल चित्रे) घ्या, जुना स्कॅन सोबत ठेवा, आणि स्टेरॉइड कधी सुरू केले ते चिठ्ठीवर लिहा. दुसरे मत घेताना ‘गाठ कसली’ असे मोघम विचारू नका. द्रव कॉन्ट्रास्टच्या आधीही पांढरा होता का, एडीसी किती आला, भिंत उजळते का आणि गाठोळी शोधण्याइतके काप पातळ होते का, हे विचारा. संसर्गाची शंका खरीच असेल तर बायोप्सीत किंवा सिस्टच्या पाण्यात पॅथॉलॉजीसोबत कल्चर आणि टीबीची जीनएक्स्पर्ट ही जनुकीय चाचणी पाठवायला आधीच सांगून ठेवावे. सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवण्याच्या द्रावणात) गेला की कल्चर करता येत नाही.

उपचारानंतरचा एमआरआयही असाच फसवतो. क्रॅनिओफॅरिंजिओमात रेडिएशन चालू असतानाच सिस्ट फुगू शकते आणि आखलेल्या क्षेत्राबाहेर जाऊ शकते, म्हणून त्या काळात दर एक-दोन आठवड्यांनी स्कॅन करून आखणी तपासतात. रेडिएशन संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांतही सिस्ट वाढते. पायलोसायटिकमध्येही साधारण पहिल्या वर्षात असे दिसते आणि पुढे ती आपोआप आकसते. या काळात सिस्टचा आकार वाढला, तरी उजळणारा घट्ट भाग तसाच असेल, तर उपचार फसले असे धरून लगेच नवी शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी सुरू करू नये. दाबाची किंवा दृष्टीची तक्रार असेल तर द्रव काढावा, नसेल तर सहा ते आठ आठवड्यांनी त्याच यंत्रावर, त्याच सिक्वेन्सने पुन्हा मोजावे, आणि सिस्ट व घट्ट भाग यांची मापे रिपोर्टमध्ये वेगवेगळी लिहून घ्यावीत.